धुरीचं सांगायचं नाही

"रात्रभर खोकते हो, मावशी," न्हाणीच्या दारात उभं राहून वृषाली म्हणाली. "आज सहावी रात्र झाली."

केतकी माझ्या पायांवर पालथी होती. चार महिन्यांची पोर, पाठीवर कढत पाण्याची धार सोडली की मान वर करून बघायची आणि खुदकन हसायची. मी हात थांबवला, कान दिला. पोरीनं एक शिंक दिली, एवढंच.

"माझ्यासमोर तर एकदाही खोकली नाही," मी म्हटलं. "तुला झोप नाही, म्हणून तुला सगळं मोठं ऐकू येतंय."

वृषालीनं मान हलवली आणि टॉवेल पुढं केला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला ते दिसलं, नाही असं नाही. पण बाळंतिणीच्या डोळ्यांखाली काळं येतंच, त्यात काय विशेष, असं मनात म्हणून मी पोरीची टाळू भरायला घेतली.

पंचवीस वर्षं झाली याला. मी अनसूया कुंभार, कराडात सगळी अनसाबाई म्हणतात. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं माझं काम. तेव्हाच वीस वर्षं झाली होती त्या कामाला, आणि मला त्याचा माज होता, आता सांगायला काय जातंय. शनिवार पेठेत मी रस्त्यानं निघाले की कॉलेजात जाणारी मिशी फुटलेली पोरं मान खाली घालायची, कारण मी कुठल्याही चौकात "कसा रे रडायचास माझ्या पायांवर" म्हणून सुरुवात करायची. बाळाचं डोकं कसं गोल करायचं, नाक कसं उभारून द्यायचं, टाळूच्या कुठल्या बाजूला किती दाबायचं, सगळं मला ठाऊक. माझ्याशी कुणी वाद घालत नसे.

आणि माझी धुरी. आंघोळ झाली की खिडक्या लावायच्या, दार ओढायचं, गॅसवर करवंटी पेटवून तिचा निखारा धुपाटण्यात घ्यायचा. त्यावर वावडिंग, ओवा, शेपा, लसणीच्या साली आणि चिमूटभर ऊद. धूर नीट उठला की आईच्या पदराचा आडोसा करून बाळाला वरनं धरायचं, पाठ-पोट शेकून घ्यायचं. धुपाटणंही साधंसुधं नव्हतं. माझ्या मालकांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं, लांब दांड्याचं, माझ्या मुठीच्या मापाचं. ते गेले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. ते धुपाटणं पिशवीत घालून मी घरोघरी फिरायची आणि कुणी नुसता हात लावला तरी खेकसायची.

वृषालीला मी जीव लावला होता, हे खरं. तिला आई नव्हती. सासू गावाकडं अंथरुणाला खिळलेली. नवरा विश्वजीत साखर कारखान्यात, आणि हंगाम सुरू झाला की त्याची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. दोन खोल्यांची जागा, दुसरा मजला, पुढं सामाईक गॅलरी. बाळाचं काय करायचं, काय नाही, हे सांगायला त्या घरात मी सोडून कुणीच नव्हतं. मी सांगेन ते ती करायची. शाळेतल्या हुशार मुलीसारखी मान डोलवून ऐकायची आणि तंतोतंत करायची.

म्हणूनच खोकल्याचं ऐकल्यावर मी तिला सांगितलं की आता सकाळची एक धुरी पुरायची नाही. दिवेलागणीला दुसरी दे. पुडी मी बांधून देते, जुनं एक मातीचं धुपाटणं आहे तेही देते. थंडीचे दिवस आहेत, छातीत कफ धरलाय, धुरीनंच सुटेल. खोली घट्ट बंद ठेव.

तिनं भीत भीत विचारलं, डॉक्टरांकडं नेऊन आणलं, त्यांनी औषध दिलंय, तरी धुरी चालेल ना. मी म्हटलं, औषध औषधाच्या जागी, धुरी धुरीच्या जागी. आणि एवढं बोलून झाल्यावर मी तिला तेच सांगितलं जे मी माझ्या प्रत्येक बाळंतिणीला सांगायची.

"डॉक्टरांनी विचारलं तर धुरीचं सांगायचं नाही. घरात धूर करता का म्हणतील, तर नाही म्हणायचं."

हे मी का शिकवायची, तेही सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी एका घरी नवीन डॉक्टरीणबाईंनी धुरीवरनं पोराच्या आईला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या घरानं दुसऱ्या दिवशी मला दारातूनच परत पाठवलं. पाठोपाठ शेजारच्या घरानंही. तेव्हापासून मी ही खबरदारी घेत होते. डॉक्टर लोकांना आपल्यातलं काय कळतंय, त्यांच्या कानावर घालायचंच कशाला. बायका हसून हो म्हणायच्या. डॉक्टरांपासून लपवायच्या चार गोष्टी प्रत्येक घरात असतातच, त्यात धुरी पहिली.

तीन-चार दिवस गेले. खोकला वाढला म्हणून वृषाली सांगत राहिली आणि मी पुडी मोठी करत राहिले. ती परत डॉक्टर मुजावरांकडं जाऊन आली. म्हातारे होते, लहान मुलांचे डॉक्टर, बोलायला शांत. त्यांनी औषध बदलून दिलं. धुराचं विचारलं होतं म्हणाली, आणि मी नाही म्हणाले.

"बरं केलंस," मी म्हटलं.

त्या आठवड्यात विश्वजीतला रात्रपाळी लागली. शुक्रवारी मी पिशवी उचलून निघाले तर वृषाली जिन्यापर्यंत मागं आली. एक रात्र माझ्याकडं राहाल का, असं तिनं विचारलं. एकटीला भीती वाटते. कुणी नुसतं सोबत बसलं तरी चालेल.

मला हसू आलं. वीस वर्षांत मला कुणी रात्री राहायला बोलावलं नव्हतं. बोलावतील कशाला? माझं काम पहाटे सुरू व्हायचं आणि अकराच्या आत संपायचं. शेवटचं बाळ न्हाऊन, माखून, झोपवून मी घरी भाकरी टाकायला हजर. दुपारी बाळ काय करतं, रात्री काय करतं, हे मी बायकांच्या तोंडून ऐकायची. पण तिचा चेहरा बघून नाही म्हणवेना. संध्याकाळी घरचा दिवा लावून, सुनेला सांगून मी धुपाटणं घेऊन तिच्याकडं गेले.

दिवेलागणीची धुरी मी स्वतः दिली. आज मीच आहे म्हटल्यावर हात सढळ सोडला. खोलीत समोरचा माणूस दिसेना इतका धूर केला. वृषालीचे डोळे गळत होते, पण ती हू का चू न करता पदर धरून उभी होती. पोर शेकून झाल्यावर मी खिडकीच्या फटीत चिंधीसुद्धा कोंबली. मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, गप्पा मारल्या. तिनं तिच्या आईचं सांगितलं, मी माझ्या मालकांचं. पोर पाळण्यात शांत होती. मी म्हटलं, बघ, उगाच घाबरतेस.

दहाच्या सुमाराला ती खोकली.

पहिल्यांदा एकच. मग दोन. मग लागोपाठ सुरू झालं ते थांबेचना. एवढीशी पोर, खोकताना सगळं अंग गोळा करायची, मुठी आवळायची, तोंड लाल व्हायचं. ढास संपली की श्वास घ्यायला धडपडायची आणि श्वास पुरा व्हायच्या आत पुढची ढास. मी पाळण्यातून उचलून खांद्यावर घेतली, पाठ चोळली. माझ्या हाताला तिच्या पाठीतली घरघर लागली. मी इतकी पोरं हाताळली, पण ही घरघर मला नवी होती. कारण सकाळी, आंघोळीच्या वेळी, ती नसायची.

तरी माझं डोकं काय म्हणत होतं? धुरी कमी पडली. मी वृषालीला करवंटी पेटवायला सांगितली. रात्रीची धुरी मी कधी दिली नव्हती, त्या दिवशी दिली. आणि धूर उठल्याबरोबर पोर अशी काही खोकायला लागली की दूध सगळं बाहेर आलं. मी तिचं झबलं वर केलं. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पोट उडत होतं. नाकपुड्या फुलत होत्या. हे मात्र मला कळतं. पोट उडायला लागलं की काय होतं ते मी दोन घरांत बघितलंय.

मी झबलं खाली ओढलं.

वृषालीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं पोर माझ्या हातून घेतली, दुपट्यात गुंडाळली, दार उघडलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. बाहेर चांगलंच गार होतं. मी आतून ओरडले, अगं थंडी बाधेल. ती आत आली नाही. कठड्याला पाठ टेकून, पोरीला छातीशी उभी धरून ती तशीच थांबली. मी बडबडत तिच्या मागं गेले आणि शाल घातली दोघींवर.

थोड्या वेळानं खोकला कमी झाला. मग आणखी कमी. पोर उभ्या उभ्या दूध प्यायली आणि आईच्या गळ्यात तोंड खुपसून झोपली. मी झबल्यात हात घालून बघितलं. पोट सावकाश हलत होतं.

आम्ही तिला आत आणलं. दहा मिनिटांत परत ढास. वृषाली परत बाहेर. परत शांत. असं तीनदा झालं. पहिल्यांदा मी म्हटलं योगायोग. दुसऱ्यांदा काही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा वृषाली बाहेर गेली तेव्हा मी तिच्या मागं गेले नाही. खोलीतच बसले, धुपाटण्यासमोर. धूर अजून वर जात होता. माझेच डोळे चुरचुरत होते, माझ्याच घशात खवखवत होतं, आणि ते मला त्या क्षणापर्यंत जाणवलंच नव्हतं. वीस वर्षं सवय झाली होती.

मग मला एकेक घर आठवायला लागलं. निकमांचा नातू, रात्री खोकतो म्हणाले होते, मी धुरी वाढवली होती. डुबलांची जुळी. स्टँडमागची ती शिक्षिका, जिच्या पोराला दम्याचा पंप लागला. सगळ्याच बायकांनी मला सांगितलं होतं, रात्री खोकतो, रात्री खोकतो. आणि मी सगळ्यांना तेच उत्तर दिलं होतं, माझ्यासमोर तर नाही खोकला. मी तिथं बसून रडले. आवाज न करता रडायची मला सवय नाही, पण त्या रात्री रडले.

मी तांब्या उचलला आणि निखाऱ्यावर पाणी ओतलं. चर्र झालं. बाहेर वृषालीला ते ऐकू गेलं असणार. मी उठून खिडकीतली चिंधी काढली, दोन्ही पाखं उघडली, पदरानं वारा घालून धूर बाहेर काढला. खोली निवळायला तासभर लागला. तोवर ती माउली गॅलरीतच होती. पहाटे पोर आत निजली ती निजली. आम्ही दोघी दोन भिंतींना टेकून बसलो होतो. मी केलं काय हे मला कळलं होतं, पण तिला कळलंय की नाही याची मला खात्री नव्हती, आणि विचारायचं धाडस नव्हतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर हजर होतो. हळूहळू गर्दी झाली. आणि बघते तर गर्दीत माझ्याच दोघी. एक निकमांची सून, कडेवर नातू. दुसरी मंगळवार पेठेतली नवी बाळंतीण, जिच्याकडं मी नुकतीच जायला लागले होते. दोघींनी मला बघून हात केला. मावशी, तुम्ही इथं कशा, म्हणून हसल्या.

डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. आत बोललेलं बाहेर सगळं ऐकू यायचं.

मुजावरांनी पोरीला तपासलं. छातीला नळी लावली, पाठीला लावली, बराच वेळ ऐकत राहिले. घड्याळ बघून श्वास मोजले. मग खुर्चीत मागं टेकून वृषालीला म्हणाले, दोनदा औषध दिलं, उतार पडायला हवा होता. काहीतरी मला कळत नाहीये.

"मागं विचारलं होतं, परत विचारतो," ते म्हणाले. "घरात धूर होतो का कशाचा? चूल, विडी, उदबत्ती, काहीही?"

वृषालीनं माझ्याकडं बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

मी शिकवलेलं होतं ना. हुशार पोर, तंतोतंत म्हणाली. आणि म्हणून झाल्यावरही तिनं नजर काढली नाही. माझ्याकडंच बघत राहिली. डॉक्टर चिठ्ठीवर काहीतरी लिहायला वाकले. त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं सांगू? पडद्याबाहेर बसलेल्या त्या दोघी आल्या. दुपारपर्यंत ही बातमी पेठेत जाईल हे आलं. सात घरं होती माझी. मुलगा तेव्हा घरी बसून होता, सून पोटुशी होती, ती सात घरंच आम्हाला खाऊ घालत होती. गप्प बसले तर काय बिघडतंय, हेही आलं. आजपासून धुरी देऊ नको म्हणून वृषालीला घरी जाऊन सांगता येईल, चूपचाप. पोर बरी होईल, माझंही झाकून राहील. हे सगळं आलं. आणि मग माझ्या हाताला परत ती घरघर लागली. पोर तर वृषालीच्या मांडीवर होती, माझा हात रिकामा होता, तरी लागली.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "मीच तिला तसं सांगायला शिकवलंय. रोज दोन वेळा धुरी देतो आम्ही पोरीला, दारं लावून. काल रात्री मी तिसऱ्यांदा दिली."

माझा आवाज बारीक नाहीच मुळात. पडद्याबाहेरची कुजबूज बंद झाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धुरीत काय काय घालता, ते विचारलं, मी सांगितलं. किती दिवस, ते विचारलं. किती घरांत, तेही विचारलं. सात म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मग मला बोलले. चांगलं बोलले. चार महिन्यांच्या बाळाची श्वासाची नळी केवढी असते, माहीत आहे का? तुमच्या करंगळीएवढीही नसते. आधीच सर्दीनं सुजलेली, त्यात तुम्ही धूर कोंडता. रात्री बाळ आडवं असतं, नाकातलं घशात उतरतं, खोली बंद असते, धूर तिथंच असतो, मग ते रात्रीच खोकणार, सकाळी तुमच्यासमोर कशाला खोकेल. आणि पोट उडायला लागल्यावर सकाळ व्हायची वाट का बघितली? अर्ध्या रात्री माझं दार वाजवायचं होतं. मी खाली मान घालून ऐकलं. एक शब्द खोटा नव्हता.

मग ते थांबले. पाणी प्यायले. आणि मला म्हणाले, "इकडं या, अनसाबाई."

त्यांनी ती तपासायची नळी स्वतःच्या गळ्यातून काढली आणि माझ्या कानांत घातली. दुसरं टोक पोरीच्या पाठीला लावलं. वीस वर्षं मी बाळांची पाठ चोळत होते, पाठीच्या आत काय चाललंय ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बंद दाराच्या फटीतून वारा शिरतो तसा आवाज येत होता, सूं, सूं, आणि प्रत्येक श्वासाला जोर लागत होता. ऐकवेना मला.

नंतर नर्सनं पोरीच्या तोंडाला छोटा मास्क लावून औषधाची वाफ दिली. तासाभरानं परत एकदा दिली. दुपारपर्यंत तिथंच बसवून ठेवलं. दुपारी डॉक्टरांनी परत मला बोलावलं, परत नळी कानात घातली. सूं सूं पुष्कळ कमी झालं होतं. पोर माझ्या बोटाला धरून बघत होती.

"माझ्याकडं मुलं येतात ती आजारी पडल्यावर, दुपट्यात गुंडाळून," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांना रोज उघडं बघता. कुणाचं पोट उडतंय, कुणाचा श्वास जोरात चाललाय, ते तुम्हाला माझ्याआधी दिसेल. दिसलं की पाठवत जा. पण धूर नको, नाकात तेल नको, वर्षाच्या आत मध चाटवणं नको. आंघोळ घाला खुशाल. मालिश करा. ती तुमच्यासारखी मला येणार नाही."

त्या माणसानं मला हाकलून दिलं असतं तरी मी काही म्हणू शकले नसते. उलट त्यांनी मला काम दिलं. आज ते हयात नाहीत. त्यांच्या घरावरनं जाताना मी अजून हात जोडते. लोकांना वाटतं म्हातारीला चळ लागलाय.

पुढं काय झालं, तर व्हायचं तेच झालं. सातातली तीन घरं गेली. मंगळवार पेठेतली नवी बाळंतीण तर दवाखान्यातूनच तोंड फिरवून गेली. निकमांच्या सुनेनं मात्र मला ठेवलं, का ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वृषालीकडं गेलेच नाही. कुठल्या तोंडानं जायचं? धुपाटणं फळीवर ठेवलं आणि ज्वारी निवडत बसले. सून विचारायला लागली, बरं नाही का. तिच्यावरच खेकसले.

दहाच्या पुढं दारात सावली पडली. वृषाली. कडेवर केतकी, तेल न लावलेली, केस विस्कटलेले.

"पाणी दोनदा तापवलं आणि दोनदा निवलं," ती म्हणाली. "येताय ना?"

पोर रात्रभर कशी होती, असं मी विचारलं. दोनदाच खोकली, ती म्हणाली. नाकात डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब घातले, उशाशी खिडकी थोडी उघडी ठेवली, मीसुद्धा झोपले. खरंच तिच्या डोळ्यांखालचं काळं जरा कमी वाटत होतं. मग तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या सुनेकडं चहा मागितला, स्वतःच्या माहेरी आल्यासारखा. आठवड्याभरात पोरीचा खोकला पुरता गेला.

त्यानंतर मी आणखी सोळा वर्षं काम केलं. धुरी कुणालाच दिली नाही. कुठल्या घरी म्हाताऱ्या बायका धुरीचा आग्रह धरायच्या, तर मी त्यांना ही गोष्ट सांगायची, माझं नाव न लपवता. पोट उडणारी नऊ बाळं मी मुजावरांकडं धाडली, त्यातली दोन मध्यरात्री, स्वतः रिक्षात बसून. आणि नव्या घरी पाऊल टाकलं की पहिल्यांदा आईला विचारायची, रात्री कसं असतं बाळ? ती सांगेल ते सगळं ऐकून घ्यायची. धुपाटण्यात आता मी सुईदोरा आणि गुंड्या ठेवते.

मागच्या महिन्यात केतकी बाळंत झाली. हो, तीच. मुलगा झाला. माझे गुडघे आता वाकत नाहीत, पण वृषालीनं रिक्षा पाठवली, पहिल्या आंघोळीला तुम्हीच पाहिजे म्हणून. मी खुर्चीत बसून सांगत होते आणि वृषाली पाटावर पाय पसरून नातवाला न्हाऊ घालत होती. तिचे केस पिकलेत. पाण्याची धार मात्र अगदी माझ्यासारखी सोडते.

बाळ निजल्यावर आम्ही दोघीच चहा घेत बसलो. मी सहज म्हणून गेले, त्या दिवशी दवाखान्यात मी बोलले ते एक बरं केलं आयुष्यात. थोडी फुशारकीच मारली, खोटं कशाला बोलू. मला वाटायचं, ते धाडस माझं एकटीचं.

वृषाली कपातल्या चहाकडं बघत हसली.

"मला रात्रीच कळलं होतं, मावशी," ती म्हणाली. "गॅलरीत दुसऱ्यांदा गेले तेव्हाच. तुम्ही निखारा विझवलात ना, तेव्हा तुम्हालाही कळलंय हे कळलं."

"मग डॉक्टरांना 'नाही' का म्हणालीस?"

"तुम्हाला शब्द दिला होता. आणि मी सांगितलं असतं, तर तुम्ही परत माझ्या दारात आला नसता. मी ठरवलं होतं, मनात दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की मीच सांगणार होते, मग तुमचं काहीही होवो. पोर माझी होती."

म्हणजे ती माझ्याकडं बघत होती ते याच्यासाठी. पंचवीस वर्षं मला वाटत होतं, ती घाबरून बघतेय.

मी कप खाली ठेवला. विचारावं की नाही, असं झालं. शेवटी विचारलं, मी बोलले तेव्हा किती झाले होते?

"सात," वृषाली म्हणाली, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.